मुदतीत आलेली हरकत

वकील बदलण्याच्या कामासाठी रामहरी एप्रिलातल्या एका मंगळवारी भवानीनगरहून इंदापूरला निघाला, तेव्हा त्याच्या मनात भीती नव्हती. होता तो केवळ संकोच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षे कारकुनी करून तो मार्चअखेर निवृत्त झाला होता. वसाहतीतले क्वार्टर तीस तारखेला रिकामे करून द्यायचे होते. जळोचीला एक बांधलेले घर पसंत पडले होते आणि बायकोला, रतनला घेऊन पाठ टेकायला त्याखेरीज दुसरी जागा नव्हती. खरेदी नुकती कुठे मार्गी लागत होती. पण सर्जेराव वकिलांची चाल बैलगाडीची. तीस वर्षांचे उतारे पुरेसे असताना ते त्याही मागचे कागद धुंडाळत बसले होते. तारीख गाठायची तर बारामतीच्या युवराज वकिलांकडे काम देणे भाग होते.

सर्जेरावांनी कुरकुर केली नाही. फाइल बांधून दिली, आपली ना-हरकतही लिहून दिली. मग चष्मा पुसत म्हणाले, "रामहरीराव, कागद खुशाल न्या. पण जाहीर नोटीस मी दिलीय. नुसती पेपरात न्हाय, त्या घरात उभं राहून चारी दिशांना वाचून दाखवलीय. ज्याची हरकत असंल त्यानं चौदा दिवसांत माझ्याकडं यावं, असं. आज चार दिवस झालं. आता यायचा तो कुणाकडं येईल?"

"कोण येणार हाय?"

"ते मला तरी कुठं ठावं? सातबाऱ्यावर नाव नसलेलीबी माणसं असत्यात."

रामहरी हसला. पण ज्याने आयुष्यभर नोंदवहीतला एकही रकाना कोरा सोडला नाही, त्याला ही मोकळी राहिलेली जागा बसमध्ये टोचत राहिली. बारामतीला फाइल पोचती करून तो जळोचीला गेला. मालकाने दिलेली किल्ली त्याच्याजवळ होती. भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. त्याने एका चिठ्ठीवर लिहिले, 'हरकत असल्यास रामहरी यांच्याकडे, कारखाना वसाहत, भवानीनगर येथे यावे,' आणि ती दाराला आतून चिकटवली. मग, कुणी पाहत नाही याची खात्री करून, वकिलांनी केले तसे चारी दिशांना तोंड करून तो मजकूर मोठ्याने वाचलाही. रिकाम्या खोल्यांतून तीनदा त्याचाच आवाज परत आला. चौथ्यांदा आला नाही. जणू तो कुणीतरी आत ठेवून घेतला.

आपल्याकडच्या लोकसमजुतीत आगंतुकाला उतारा आहे, अंगारा आहे. आपण होऊन बोलावलेल्याला मात्र कुठलाच उतारा सांगितलेला नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, एवढेच.

तिसऱ्या दिवशी तो मुद्रांकाच्या कामातून परतला, तर रतन ओट्यावरच उभी होती. तीनच्या सुमाराला कोणी म्हातारा येऊन खुर्चीवर बसून गेला होता.

"हरकत सांगायचीय म्हणलं. तुमी न्हाय म्हणल्यावर उठलं. पाणी दिलं तर घेतलं न्हाय."

"का?"

"म्हणलं, पाणी लई झालं."

खुर्चीखाली मातीचे दोन ओले ठसे होते. बाहेर जमीन भेगाळली होती. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या आडाचे झाकण सरकवावे, तसा गार, कुजका वास खोलीत रेंगाळत होता. रतनने फरशी दोनदा पुसली. वास गेला नाही.

त्यानंतर म्हातारा रोज येऊ लागला. रामहरी घरी असे. पण तीन वाजायच्या आत माजघरात जाऊन कडी लावून बसे. कारण हिशोब सरळ होता. हरकत ऐकली की ती वकिलांच्या कानावर घालावी लागणार, आणि घातली की खरेदी थांबणार. मग तीस तारखेला रतनला घेऊन कुठे जायचे? न ऐकलेली हरकत कायद्याने हरकत ठरत नाही, असे तो स्वतःला समजावी. दारापलीकडून त्याला फक्त रतनचा आवाज ऐकू येई. समोरच्याचा कधीच नाही.

नोटिशीच्या चौदाव्या दिवशी रतनने दाराला तोंड लावले. "अहो… आज शेवटचा दिवस हाय म्हणत्यात. ऐकून तरी घ्या…"

"सांग, घरात न्हायती."

दाराच्या फटीतून तो वास आत शिरला.

"सांगितलं…" रतन कुजबुजली. "ते दाराकडंच बघायलेत. बरं म्हणलं. उद्या येतो म्हणलं."

त्याच संध्याकाळी युवराज वकिलांचा फोन आला. त्यांनी सर्जेरावांच्या पहिल्या नोटिशीचीच मुदत धरली होती. ती आज संपली. तुमच्याकडे कोणी आले का, एवढेच त्यांना विचारायचे होते. रामहरीने रतनकडे पाहिले. ती दिव्याची वात सारखी करत होती. तिने मान वर केली नाही.

"न्हाय," तो म्हणाला. "कुणीसुद्धा न्हाय."

पुढच्या आठवड्यात दस्त नोंदला गेला. मुदतीत कोणाचीही हरकत आली नसल्याचे त्यात लिहिले होते. खाली रामहरीची सही होती. एकोणतीस तारखेला बिऱ्हाड जळोचीला आले. दारावरची चिठ्ठी त्याने फाडून चुलीत घातली. दुपारी तीन वाजले, चार वाजले. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रामहरीला झोप लागू लागली. रतन मात्र दुपारी मागच्या खोलीत जाईना. तिथे गार लागते, एवढेच म्हणे.

बाराव्या दिवशी क्वार्टरमध्ये नव्याने राहायला आलेल्या गोकुळचा फोन आला. त्याच काट्यावरचा नवा कारकून; भला माणूस.

"तात्या, तुमच्याकडं कोण म्हातारं येतंय ओ रोज दुपारचं? तुमी सोडून गेला म्हणून सांगतोय, पण खुर्ची काय सोडत न्हाईत."

रामहरीने विचारले, "पत्ता… माझा पत्ता दिला न्हाईस ना?"

"द्याय लागलो, तर हसाय लागलं. म्हणलं, तो पत्ता मला ठावं हाय, तितूनच तर रोज चालत येतोय."

"आता… कुठं हायत ते?"

"हे काय, आत्ताच उठलं. उद्यापासून हितं येत न्हाय म्हणलं. ज्याला सांगायचं तो घरीच ऱ्हायला आलाय म्हणलं."

फोन खाली ठेवून रामहरीने ठरवले, ऐकायचे. जे असेल ते आज ऐकून टाकायचे. त्याने दोन खुर्च्या बैठकीत आणल्या. एक येणाऱ्याची म्हणून भिंतीशी ठेवली. दुसरी, स्वतःची, त्याने रस्त्याकडच्या दारासमोर मांडली, जरा थांबून उचलली आणि मागच्या खोलीच्या तोंडाशी मांडली, पुन्हा उचलली. रतनने आतून विचारले, कुणाची वाट बघताय. खुर्ची हातात धरून तो खोलीच्या मधोमध उभा होता, आणि दिवस कलायला लागला तरी कुठल्या दाराकडे तोंड करून बसायचे, हे त्याचे ठरत नव्हते.