पुढचा ब्रेक धरतोय

ही घटना खरी आहे.

खोटी रचायची असती तर मी रात्र घेतली असती, पाऊस घेतला असता, लांबवर रडणारं एखादं कुत्रं घेतलं असतं. यातलं काहीच नव्हतं. गुरुवार होता. दुपारचे पावणेचार वाजले होते. लख्ख ऊन होतं.

वहिनींचा फोन आला.

"भावोजी, गाडी पुढे जात नाहीये."

"पेट्रोल?"

"पेट्रोल आहे. मीही आहे. गाडीच मागे ओढतेय."

गाडी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मोटरसायकल. दादा त्या गुरुवारच्या आठ महिने आधी गेला. अपघातात नाही. तो कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता आणि त्याने सव्वीस वर्षांत गाडी कधी चाळीसच्या वर नेली नाही. गेला तो घरच्या सोफ्यावर, पाठीला उशी लावून बसलेला असताना.

त्याच्या हयातीत वहिनींनी गाडीला हात लावायचा नाही, असा नियम होता. पुसायलासुद्धा नाही. नियम लेखी नव्हता एवढंच; दादाने मनावर घेतलं असतं तर गाडीच्या शेडमध्ये बोर्डही लागला असता. वहिनींनी एकदा शिकायची गोष्ट काढली होती. दादा म्हणाला, "तुला कशाला? मी आहे ना."

आता तो नव्हता.

एकोणपन्नासाव्या वर्षी वहिनी मोकळ्या मैदानात तीन महिने गाडी शिकल्या. दोनदा पडल्या, लायसन्स काढलं आणि बावीस किलोमीटरवरच्या एका शीतगृहात स्टोअर सांभाळायची नोकरी मिळवली. तिकडची पहिली बस नऊला सुटते आणि कामाची वेळ साडेआठची. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी साडेआठला हजर नसाल, तर यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावतो."

गुरुवारी त्या फक्त रस्ता बघायला निघाल्या होत्या.

मी पोचलो तेव्हा वहिनी गाडी ढकलत होत्या. अडून बसलेलं गाढव ओढावं तशी. पुढच्या चाकाजवळ काहीतरी जळल्याचा वास येत होता. ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. तापलेल्या तव्याची धग.

पाच मिनिटं थांबलो. मग मी गाडीवर बसलो.

गाडी लोण्यासारखी निघाली.

वहिनींना मागे बसवून घरापर्यंत आणलं. काही नाही. घरासमोर वहिनी म्हणाल्या, "उतरा. मी बघते." त्या बसल्या, गिअर टाकला, गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या...

...आणि पुढचं चाक कण्हलं.

दुसरा शब्द मला सुचत नाही.

शुक्रवारी मिस्त्री आले. वय साठच्या आसपास, बोलणं कमी, आणि जगात न उघडणारा नट नसतो यावर ठाम विश्वास. त्यांनी चाक उचलून हाताने फिरवलं.

"पुढचा ब्रेक धरतोय," ते म्हणाले. "दाबल्यावर सगळ्यांचाच धरतो. हा सोडल्यावर सोडत नाही. नेहमीचं दुखणं आहे."

त्यांनी डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर उघडला, पिस्टन साफ केले, आतली रबरं नवी टाकली, पिनांना ग्रीस लावलं. चाक एका बोटाने गरगर फिरू लागलं. मिस्त्री चक्कर मारून आले. डिस्क गार. मी चक्कर मारून आलो. गार.

वहिनी गेल्या. वळणापर्यंत.

जळका वास.

"ताई, तुमची बोटं ब्रेकच्या लिव्हरवर राहतात," मिस्त्री म्हणाले. "नव्या माणसांची राहतात. त्यांना कळत नाही."

"मिस्त्री, सव्वीस वर्षं मागे बसून मी काय करायचं नाही तेवढंच शिकलेय. बोटं मुठीवर होती."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी गाडीकडे बघितलं. पुरुषांना एकमताने गप्प बसायचं असलं की ते गाडीकडे बघतात.

शनिवारी सकाळी मिस्त्रींनी शेडमध्येच परीक्षा मांडली. पुढचं चाक ठोकळ्यावर उचललं आणि वहिनींना सीटवर बसायला सांगितलं. "ब्रेक दाबला की तेल वरून खाली जातं," ते म्हणाले. "दोष शोधायचा खालून वर. एकेक पायरी. कुठेतरी सापडतोच."

त्यांनी चाक फिरवलं. फिरलं.

दुसऱ्यांदा फिरवलं...

जागच्या जागी थांबलं.

"छान," मिस्त्री म्हणाले. त्यांना खरोखर आनंद झाला होता. त्यांनी कॅलिपरवरची तेल सोडायची निपल सैल केली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"खालचं साफ आहे. दाब वरून येतोय."

निपल बंद केली. चाक पुन्हा अडकलं. आता नळीचा वरचा जोड सैल केला. चाक सुटलं.

"नळीपण साफ. दोष आणखी वर."

वर राहिला लिव्हरजवळचा पंप. त्यांनी तो अख्खा बदलला, नवं तेल भरलं, हवा काढली. मग म्हणाले, "साहेब, चावी फिरवा. मागचा दिवा बघून घेऊ."

मी चावी फिरवली.

मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

मोटरसायकल चालवणाऱ्यांना सांगायला नको. हा दिवा ब्रेक दाबल्यावरच उजळतो.

"ताई, ब्रेक सोडा," मिस्त्री खाली बसल्या बसल्या म्हणाले.

"मिस्त्री..."

"सोडा म्हणजे मला चाक बघता येईल."

"मिस्त्री, माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

आम्ही दोघांनी वर बघितलं.

हात मांडीवरच होते.

आणि लिव्हर... पार मुठीला टेकलेला होता.

पत्रा उन्हाने तडतडत होता, तेवढाच आवाज. मग कोणी निवांतपणे बोटं सैल करावीत तसा लिव्हर हळूच सुटला. दिवा विझला.

"दोष वर वर जातोय म्हणालात," मी विचारलं. "लिव्हरच्या वर काय असतं?"

मिस्त्रींनी विचार केला. खरंच केला.

"हात," ते म्हणाले.

मग त्यांनी टाकीवर सांडलेलं तेल पाण्याने धुतलं, कारण ब्रेकचं तेल रंग खातं. पाने मोजून पिशवीत ठेवले आणि शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून म्हणाले, "याचा स्पेअर मिळत नाही."

रविवारी मी वहिनींकडे गेलो. गाडी विकून टाका म्हणालो. त्या भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"बरं, आठवडाभर मी सोडतो तुम्हाला."

"आणि मग?"

"मग बघू."

"'मग बघू' हे तुमच्या घराण्याचं बोधवाक्य आहे, भावोजी. दारावर कोरून घ्या."

"अहो वहिनी, पण उगाच धोका कशाला? मी आहे ना."

वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं, ते माझं नाही. आवाजसुद्धा माझा नव्हता. खालचा, समजूत घालणारा, दादाचा.

वहिनींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे, सोफ्याकडे बघितलं.

"मी उद्या जाणार आहे," त्या म्हणाल्या. मला नाही.

सोमवारी साडेसातला मी शेडमध्ये पोचलो. मिस्त्री आधीच आले होते. "काम अर्धवट राहिलं की जेवण जात नाही," ते म्हणाले. पण शेडच्या आत पाऊल टाकत नव्हते.

वहिनींनी हेल्मेट घातलं, डबा अडकवला, गाडी बाहेर काढून सुरू केली. सात चाळीस. गिअर टाकला.

लाल उजेड.

आमच्या डोळ्यांसमोर लिव्हर आत ओढला गेला. झटक्याने नाही. सावकाश, शिस्तीत, नियमाप्रमाणे. इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

"ताई, उतरा," मिस्त्री म्हणाले.

"नाही."

वहिनींनी इंजिन पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद पडलं. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. सात त्रेपन्न.

मग त्यांनी गाडी न्यूट्रलला आणली. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि उजव्या मुठीकडे बघत बोलल्या. घरात भांडताना बोलायच्या त्याच आवाजात.

"अहो, आयुष्यभर तुम्ही चालवलीत. मी बसले. वळणावर डोळे मिटून बसले, पण बसले. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, सगळं तुमचं. आता मला साडेआठला सही करायची आहे. हात काढा."

लिव्हर हलला नाही.

"काढा म्हणतेय ना."

नाही.

वहिनींनी डावा हात उजव्या मुठीकडे नेला. मला वाटलं, लिव्हर ओढणार. पण त्यांनी लिव्हरला स्पर्शच केला नाही. त्याच्या वर, अगदी थोडं वर, चिमटीत काहीतरी धरलं...

...आणि उचललं.

लिव्हर पाव इंच बाहेर आला.

"एक," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा चिमूट. या वेळी जोर लागला. त्यांच्या मनगटाची शीर फुगलेली मी बघितली. हवेत कुणाचा तरी सांधा मोडल्यासारखं बारीक 'कट' वाजलं.

"दोन."

मिस्त्री पुटपुटत होते. प्रार्थना असेल किंवा शिवी.

"तीन."

शेवटच्याला वेळ लागला. वहिनींचे डोळे भरले होते, दात आवळलेले होते.

"आणि हे चार."

लिव्हर खटकन सुटला. लाल उजेड गेला.

क्षणभर त्या डाव्या हातात काहीतरी धरून तशाच बसल्या. मग, घरी आलेल्या पाहुण्याचा हात सोडावा तसा, तो हलकेच मागे सोडून दिला.

गिअर. क्लच. गाडी निघाली. वळण आलं. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

मी सुटकेचा श्वास सोडला. मिस्त्रींनी नाही.

"साहेब, मागची पायदाणं बघितली?"

"का?"

"शनिवारी मी दोन्ही मिटून ठेवली होती." ते वळणाकडेच बघत होते. "आत्ता उघडी होती."

संध्याकाळी सहाला वहिनी परत आल्या. सही झाली होती, आठ सत्तावीसला. मी डिस्कला बोट लावलं. गार. पायदाणांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

उघडीच.

"वहिनी... दादा..."

"मागे बसलेत," त्या हेल्मेट काढत म्हणाल्या. "बसू दे. मागे ब्रेक नसतो."

"काही बोलतात?"

"हळू म्हणतात."

"मग तुम्ही काय करता?"

"साठ."

त्या हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग घड्याळ बघून म्हणाल्या, "उशीर झाला ना तुम्हाला? चला, घरी सोडते. बसा मागे."

मी मागच्या सीटकडे बघितलं. सीट रिकामी होती. वहिनी गाडीवरून उतरलेल्या होत्या. गाडीवर कोणीही नव्हतं.

मागच्या दोन्ही स्प्रिंगा मात्र दबलेल्या होत्या.

"नको," मी म्हणालो. "चालणं बरं असतं तब्येतीला."

दीड महिना झाला. वहिनी रोज बावीस किलोमीटर जातात आणि येतात. दर वेळी विचारतात, "सोडू का?"

माझी तब्येत आता फार चांगली आहे.