रंगनाथच्या बांधावरचं कुत्रं

पुणतांब्याच्या घराला पंकजाने दोन कॅमेरे बसवून घेतले ते आई गेल्यावर. एक पुढच्या दारावर, एक मागच्या अंगणावर. तिच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, पुष्कळ कुरकुर केली. मी काय चोर आहे का, असं विचारून झालं, कॅमेऱ्याकडे पाठ करून पेपर वाचून झाला, आणि मग सवय झाली. पंकजा नेदरलँड्सला, आइंडहोवन नावाच्या शहरात राहत होती. नवरा सुनील आणि शाळकरी लेक. तिथे ती सकाळी चहाचा कप घेऊन बसायची तेव्हा इकडे दुपार झालेली असायची. फोन उघडायचा, आबा अंगणात दिसले की जीव भांड्यात पडायचा, आणि मग ऑफिस. एकुलत्या एका मुलीला इतक्या लांबून याहून जास्त काय करता येणार, असं तिला मनापासून वाटायचं.

मागच्या कॅमेऱ्यात अंगण दिसे, धुण्याचा दगड दिसे, तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे बांध आणि बांधापलीकडे शेजारच्या रंगनाथचा ऊस. बांधावर एक बाभूळ होती. बाभळीखाली एक लाकडी खुंट, खुंटाला साखळी आणि साखळीपाशी एक तांबूस कुत्रं.

ते पहिल्यापासून तिथेच असणार. पण समोर असलेली प्रत्येक गोष्ट माणूस बघतोच असं नाही. पंकजाचं लक्ष गेलं उन्हाळ्यात, तेव्हा त्याच्या अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. बरगड्या वर आलेल्या, पाठीचा कणा दिसतोय, आणि ते उसाकडे तोंड करून बसलेलं. निजलेलं नव्हे, बसलेलं. बाभळीची सावली सरकून पलीकडे जाई, कुत्रं तिथेच उन्हात. आइंडहोवनची कुत्री पावसात रेनकोट घालून फिरतात. त्यांच्यामधून रोज ऑफिसला जाणाऱ्या बाईला हे बघवेना यात नवल नव्हतं.

बघवेना म्हणून ती जास्तच बघू लागली. दुपारी रंगनाथची बायको रतनबाई डोक्यावर पदर घेऊन बांधावर यायची. हातात तव्यावरची पहिली भाकरी. ती भाकरी कुत्र्यापुढे न ठेवता पार उसाच्या कडेला, साखळी पोचणार नाही अशा जागी ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची. हा छळ बघून पंकजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्रं भाकरीकडे झेपही घेत नसे. त्याने आशाच सोडली असावी, असं तिला वाटलं.

पण भाकरी राहायची नाही. कॅमेरा काही हललं तरच चित्र साठवायचा. रतनबाई येते, ठेवते, जाते, एवढं साठवलेलं असे. त्यापुढचं चित्र थेट संध्याकाळचं, आबा वाळलेले कपडे काढतात ते. त्यात भाकरी नसे. कावळा आला असता तर कॅमेऱ्याने टिपला असता. मांजर आली असती तर टिपली असती. पंकजा सॉफ्टवेअरमधली बाई, तिने कॅमेऱ्यालाच दोष दिला.

तिने आबांना फोन केला. आबा कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी केलेले, गावात कुणाच्याही ओट्यावर बसून गप्पा मारणारे. पण या गोष्टीवर ते बोलायला तयार होईनात. शेजाऱ्याचं जनावर आहे, आपण मध्ये पडू नये, एवढंच म्हणाले. पंकजाने विषय लावून धरला तेव्हा आवाज उतरला त्यांचा.

"तू तिकडून बघतीस, तेवढं बास हाय. त्यो मागचा कॅमेरा काढून टाक म्हन त्या बसवनाऱ्या पोराला. मागं नको."

मग तिने रंगनाथलाच फोन लावला. वाटलं होतं तो खेकसेल. रंगनाथ अगदी अदबीने बोलला, मुलीची चौकशी केली, तिकडं थंडी लई असंल म्हणाला. कुत्र्याचं विचारल्यावर त्याने ट्रॅक्टर बंद केला.

"ताई, ते राखनीला न्हाई," तो म्हणाला. "आमच्या आज्ज्यापासून तिथं कुनी ना कुनी असतंच. तुमी मनाला लावून घिऊ नका."

आता असल्या उत्तराने कुणाचं समाधान होणार? पंकजाने गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, तिथे कुणी अंगठाही दाखवला नाही. नगरच्या प्राणिमित्र मंडळींनी मालकाशी गोडीत बोलून बघा म्हणून सांगितलं. सुनील म्हणाला, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. त्यावर ती त्याच्याशी दोन दिवस नीट बोलली नाही. शेवटी तिने कोपरगावच्या हर्षलला गाठलं. हर्षल तिचा मामेभाऊ, पिकअप टेम्पो चालवायचा, आणि ताईने सांगितलेलं काम त्याने कधी टाळलेलं नव्हतं. कोल्हारला त्याच्या मित्राची पोल्ट्री होती, तिथे कुत्र्याला जागा होती. रंगनाथ आणि रतनबाई लग्नाला जाणार असल्याचं आबांच्या बोलण्यातून कळलं, तो दिवस तिने हर्षलला सांगितला.

सगळं तिने फोनवर बघितलं. हर्षल कुंपण ओलांडून गेला, कुत्र्याजवळ बसला, आणि वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला. मग कुत्र्याला पोत्यासारखं खांद्यावर घेऊन आला. कुत्रं धडपडलं नाही. फक्त मान वळवून उसाकडे बघत राहिलं.

रात्री त्याचा फोन आला. सोडवायला त्रास झाला का, तिने विचारलं.

"सोडवायचं काय, ताई? साखळी पट्ट्यात अडकवलेलीच नव्हती. नुसती पडली हुती शेजारी."

कोल्हारला त्या कुत्र्याने पहिल्याच संध्याकाळी भातावर ताव मारला. मग ते भुंकलं, पोल्ट्रीतल्या कोंबड्यांमागे धावलं, महिनाभरात अंगाने भरलं. हर्षल व्हिडिओ पाठवायचा आणि पंकजा ते ऑफिसात सगळ्यांना दाखवायची. इतका निर्मळ आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. एक जीव वाचवला होता तिने, तेही इतक्या लांबून.

रंगनाथ भांडायला आला नाही. त्याचा फक्त एक फोन आला. कुत्र्याबद्दल अक्षर नाही. आबासाहेब दुपारचे घरात असतात ना, असं त्याने विचारलं. असतात, ती म्हणाली. त्यांना एकटं ठेवू नका, तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. पंकजाला ती धमकी वाटली. पोलिसात जावं का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

आबांची खुर्ची त्यानंतर फिरली. आधी ती घराकडे तोंड करून असे, म्हणजे दारात कोण आलं ते दिसावं. आता आबा उसाकडे तोंड करून बसू लागले. मांडीवर पेपर असे, पण तो उलगडलेला नसे. मग खुर्ची कुंपणापाशी गेली. मग एका दुपारी पंकजाने फोन उघडला तर अंगण रिकामं होतं, आणि आबा बांधावर, बाभळीखाली.

उकडत असेल घरात, तिने स्वतःला समजावलं. हवेला बसले असतील. बाभळीची सावली सरकून पलीकडे गेली. ती बघत राहिली, चहा गार झाला, पण आबांची खुर्ची काही सावलीत सरकली नाही.

घरी स्वयंपाकाला येणाऱ्या चांगुणाबाईंना तिने विचारलं. आबा जेवतात ना?

"ताट घिऊन जात्यात की बांधावर," चांगुणाबाई म्हणाल्या. "ताट लख्ख हुऊन येतं. पन अंगाला काय लागत न्हाई त्यांच्या, ताई. सदऱ्यात मानूस सापडंना झालाय."

पंकजाने साठवलेली चित्रं काढून बघितली. आबा खुर्चीवरून उठतात, ताट उसाच्या कडेला ठेवतात, परत येऊन बसतात. त्यापुढच्या चित्रात ते रिकामं ताट हातात घेऊन घराकडे येताना. मधलं काहीच नाही. मधे काहीही हललं नव्हतं.

तिने हर्षलला पाठवलं. हर्षलला वाटलं, बिबट्या असणार, उसात बिबट्यांना काय तोटा. पण ओल्या मातीत कसलाही ठसा नव्हता, रतनबाईंच्या जुन्या पावलांशिवाय. त्याने आबांना उचलून गाडीत घातलं आणि कोपरगावला दवाखान्यात ठेवलं. सगळे रिपोर्ट चांगले आले. आबा मात्र खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, घास तोंडाला लावीनात. ती भिंत पुणतांब्याच्या अंगाची होती, हे हर्षलच्या नंतर लक्षात आलं. सलाईनवर किती दिवस ठेवणार? डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर ते स्वतःच्या पायांनी उतरले आणि घरात न जाता सरळ बांधावर गेले.

पंकजाने आइंडहोवनच्या स्वयंपाकघरात उभं राहून रंगनाथला फोन केला. ती रडत होती आणि ते लपवायचं भानही तिला नव्हतं. काय असेल ते असू दे, ती म्हणाली, ते कुत्रं मी परत आणवते.

हर्षलने आणलंही. कुत्रं आता गुबगुबीत झालं होतं. टेम्पो बांधाच्या वाटेला वळला तसं ते हौद्याच्या कोपऱ्यात शिरलं आणि तिथेच मुतलं. खाली उतरेना. रंगनाथने दुसरं एक पिल्लू आणून बांधलं, ते साखळी तोडून गेलं ते परत दिसलं नाही.

"आता कुत्र्यानं न्हाई भागायचं, ताई," रंगनाथ म्हणाला. "तुमी या. बापाला एकदा बघून जा."

ती मुंबईला उतरली आणि गाडी करून निघाली. पोचली तेव्हा उन्हं कलू लागली होती.

आबा खुर्चीवर होते. खुर्चीचे पाय मातीत रुतले होते. पंकजाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तर कापडाखाली नुसतं हाड होतं. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही.

वारा होता. आजूबाजूचा सगळा ऊस सळसळत होता. बाभळीसमोरची एवढीशी जागा तेवढी स्वस्थ होती. पातं हलत नव्हतं.

"आबा, चला घरात."

"मी उठलो का इथं कुनीतरी बसाया लागतं."

"ठीक आहे," पंकजा म्हणाली. लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाली. "मी बसते. तुम्ही जेवून या. चांगुणाबाईंनी पिठलं केलंय."

आबांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. नको म्हणायला ते तोंड उघडत होते, हे तिला स्पष्ट दिसलं.

पण त्यांना भूक फार लागली होती.

ते उठले. ती बसली. खुर्ची अजून उबदार होती.

मागे घरात ताट मांडल्याचा आवाज आला. आबा जेवत होते. भाकरी मोडत होते, आणखी वाढा म्हणत होते, चांगुणाबाई हसून काहीतरी बोलत होत्या. पंकजाला बरं वाटलं. इतके दिवस छातीवर असलेलं ओझं उतरलं. आबा जेवले की उठायचं, तिने ठरवलं.

समोर पातं हलत नव्हतं. ती बघत होती.

खिशात फोन वाजला. सुनील असणार, पोचलीस का विचारायला. वाजून वाजून बंद पडला. तो काढायचा तर मान खाली घालावी लागली असती.

मग घरात आबांचा फोन वाजला.

आबांनी चूळ भरली, घसा साफ केला. त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत येत होता, बांधापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

"व्हय सुनीलराव, पोचली. बरी हाय," ते म्हणाले. "न्हाई, परतीचं तिकीट नका काढू. ती आता हितंच राहनार हाय. तुमच्या लेकीला तुमीच काय ते समजावून सांगा."

असं काही आपण बोललो नव्हतो, हे पंकजाला नीट आठवत होतं. आबा फोनवर सांगत राहिले, आणि ती ऐकत राहिली, उसाकडे बघत.