पुलावर विझलेली रिक्षा

रिक्षा होती, पण तिच्यात बॅटरी नव्हती.

फौजदारबाई उड्डाणपुलावर पोचल्या तेव्हा धुकं नुकतं विरत होतं. चढावर, माथ्याच्या जरा अलीकडे, विजेवर चालणारी हिरवी रिक्षा मागून चेचलेली उभी होती आणि तिला टेकून एक ट्रक. ट्रकवाला स्वतःच धावत पुलाखालच्या चौकीत आला होता. रिक्षा मधेच थांबली, तिचे दिवेही गेले, धुक्यात काही दिसलंच नाही, असं रडत रडत सांगत होता. रिक्षात मागे बसलेली नर्स ड्यूटीवर निघाली होती. ती दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. रिक्षावालीचा पाय मोडला होता, पण जीव वाचला होता. जो वाचतो त्याच्याच डोक्यावर सगळं येतं, हे फौजदारबाईंना इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"मॅडम, हे बघा." हवालदाराने मागच्या सीटखालचं छोटं दार उघडून दाखवलं. बॅटरीचा खण रिकामा होता.

"बॅटरीशिवाय ही पुलावर चढली कशी?"

"तेच तर. मागाहून कुणीतरी काढलीय."

"कुलूप फोडलंय?"

"नाही. किल्लीने उघडलंय. पण खण चेपलाय ना, त्यामुळे बॅटरी अडकली असणार. कडेला पहारीचे ओरखडे आहेत."

फौजदारबाई वाकल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना त्यांनी दटावलं आणि टॉर्च आत धरला. खणाच्या तळाशी रक्ताचा डाग होता. वरच्या सीटच्या शिवणीतून ठिबकून तो तिथे वाळला होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"दोघींना दवाखान्यात नेलं कुणी?"

"रिक्षावालीच्या भावाने. मी इथे आलो तेव्हा टेम्पोत घालून निघतच होता. खाली बॅटरी स्टेशन आहे ना, तिथे मेकॅनिक आहे तो. बॅटरीने मान टाकली की स्टेशनवर आपोआप घंटा वाजते म्हणे. ती ऐकून सुटला तो थेट इथे. भाऊ असावा तर असा, मॅडम!"

हवालदाराच्या कौतुकाला फौजदारबाई सहसा हात लावत नसत.

स्टेशन पुलाच्या पायथ्याशीच होतं. जुन्या पेट्रोल पंपाची जागा, पत्र्याचं छप्पर तेच, फक्त रंग हिरवा. परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करायचं म्हणून सरकारने योजना आणली होती आणि गावातल्या पेट्रोलच्या सगळ्या रिक्षा मोडीत काढून मालकांना या हिरव्या रिक्षा दिल्या होत्या. रिक्षा तुमची, बॅटरी मात्र स्टेशनची. बॅटरी म्हणजे कडी असलेला जड डबा. उतरलेला डबा स्टेशनच्या कपाटात सरकवायचा, पैसे भरायचे, मग ज्या कप्प्यातला डबा सगळ्यात आधी भरला असेल त्याचं दार आपसूक उघडतं. निवडायची सोय नाही. मशीन देईल तो प्रसाद.

भिंतीवर मोठा फलक होता. 'या स्टेशनने देशाचं वाचवलेलं तेल', आणि खाली लिटरचे लाल आकडे. कुणी बॅटरी बदलली की आकडा पुढे सरकायचा.

"खात्यात पहिला नंबर आहे आपला," स्टेशनचा मालक म्हणाला. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तितकीच कडक इस्त्री. "एवढ्या बॅटऱ्या दुसऱ्या कुठल्याच स्टेशनवर बदलल्या जात नाहीत."

"सकाळी रिक्षावालीने इथूनच बॅटरी घेतली?"

"हो ना. शंभर टक्के भरलेली! मशीनमध्ये नोंद आहे, आणि मशीन खोटं बोलत नाही. आता तुम्हीच सांगा, भरलेली बॅटरी पुलावर चढेपर्यंत संपते का? तिने आमची बॅटरी विकली आणि भंगारातली घातली. चोरीचा मामला आहे हा."

"आणि मोडक्या पायाने उठून ते भंगार लपवायलाही गेली?"

"तिचे साथीदार असतील, मॅडम. मी काय पोलीस आहे?"

"नाही. म्हणूनच विचारतेय. खणाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे. एक याच्याकडे."

'हा' म्हणजे रिक्षावालीचा धाकटा भाऊ. दाराशी उभा होता. डोळे लाल, शर्टावर वाळलेलं रक्त. घरी जाऊन बदलायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"तू पुलावर गेलास तेव्हा खणात बॅटरी होती?"

"बघितलं नाही, मॅडम. मला फक्त ताई दिसली."

"दार उघडं होतं का बंद?"

"खरंच नाही आठवत. तिनेच लहानाचं मोठं केलंय मला. ती तशी पडलेली बघून माझं डोकंच चालेना."

आवाज खरा होता. रडणंही खरं होतं. फौजदारबाईंना त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि म्हणूनच त्या तिथून उठल्या.

बाहेर रिक्षांची रांग होती. त्यांनी चहा मागवला आणि कपाटासमोरच्या बाकावर बसल्या. रांगेतले लोक आधी गप्प होते. मग एकाने तोंड उघडलं आणि सगळेच बोलू लागले.

"ती चोर नाही हो, मॅडम. आम्ही तिला 'कोंबडा' म्हणतो. रोज पहिला नंबर तिचा. तिच्या आधी कुणी आलं तर सूर्य पश्चिमेला उगवायचा."

"नवऱ्याची पाठ गेलीय. त्याची पेट्रोलची रिक्षा मोडीत निघाली, ही रिक्षा तिने घेतली. सकाळची एक फेरी जास्त मिळावी म्हणून धडपडायची बिचारी."

"पण तिची बॅटरी टिकायची नाही," तिसरा म्हणाला. "आमची एकदा घेतली की दुपारपर्यंत बघायला नको. ही मधेच परत हजर. आम्ही चिडवायचो, बाई, तुझा पाय जड!"

"तुम्ही किती वाजता येता?"

"आम्ही? आरामात. दोन डुलक्या जास्त काढून."

तेवढ्यात एकाने तिसऱ्या कप्प्यात उतरलेला डबा सरकवला. त्याच्या मागोमाग दुसऱ्याने सातव्यात. दोन्हींवर लाल दिवा लागला. सातव्या कप्प्यातला डबा वेगळा दिसला म्हणून फौजदारबाईंचं लक्ष गेलं. बाकी सगळे डबे हातांच्या मळाने काळे पडलेले, हा एकटाच घासूनपुसून लख्ख, साबणाने न्हाऊ घातल्यासारखा.

त्यांचा चहा संपला, दुसरा आला. सातव्यावर हिरवा दिवा लागला. तिसऱ्यावर अजून लालच. रांगेतल्या पुढच्या रिक्षावाल्यासाठी सातव्याचं दार उघडलं आणि तो लख्ख डबा घेऊन निघून गेला. फौजदारबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. मग त्यांनी हवालदाराला हाक मारली, त्या रिक्षाच्या मागे पिटाळलं आणि योजनेच्या अधिकाऱ्यांना फोन करून बोलावून घेतलं.

अधिकारी आले. सभ्य, थकलेला माणूस, कुशीत लॅपटॉप. मालकाच्या केबिनमध्ये चौघं बसले. खरं तर तिघं बसले, भाऊ उभाच राहिला.

"साहेब, एक सोपा प्रश्न," फौजदारबाई म्हणाल्या. "तांब्या लवकर भरतो की बादली?"

"तांब्या. का?"

"आणि काठोकाठ भरल्यावर दोन्ही किती टक्के भरलेले?"

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "शंभर."

"बरोबर. मशीन खोटं बोललंच नाही. म्हाताऱ्या बॅटरीत वीज कमी मावते. ती तांब्याएवढी झालेली असते, म्हणून सगळ्यात आधी भरते, आधी हिरवी होते आणि आधी दिली जाते. जो पहाटे पहिला येतो, त्याच्या पदरात ती पडते. या लोकांना वाटायचं बाईचा पाय जड आहे. पाय नाही, तिचा नंबर पहिला होता. रिकाम्या सपाट रस्त्यावर अशी बॅटरी कशीबशी चालते. चढावर, माणसं बसलेली असताना जोर लागला की बंद पडते. दिवेही तिच्यावरच, तेही गेले. मागून ट्रक आला."

"म्हातारी बॅटरी काढून टाकतातच," अधिकारी म्हणाले.

"मग इथे का नाही काढली? साहेब, अनुदान कशावर देता तुम्ही?"

"बॅटरी किती वेळा बदलली त्यावर. प्रत्येक बदल म्हणजे इतकं तेल वाचलं, असा हिशेब धरलाय. काहीतरी मोजावं तर लागतंच ना."

"हो. म्हणजे जी बॅटरी दुपारपर्यंत टिकते तिचा तोवर बदल एकदा, आणि जी मरायला टेकलीय तिचे तीन. ज्याच्याकडे मेलेल्या बॅटऱ्या जास्त, त्याचा खात्यात पहिला नंबर."

मालक हसला. घाबरलेला माणूस हसतो तसा नाही, निवांत. "मॅडम, म्हातारी बॅटरी काढायलाच हवी, असा नियम दाखवा."

फौजदारबाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं. अधिकारी लॅपटॉपकडे बघत होते.

"मसुद्यात होतं ते कलम," ते हळूच म्हणाले. "तपासायची यंत्रं वेळेवर आली नाहीत. योजना लांबली असती. ते कलम पुढच्या टप्प्यावर ढकललं."

बाहेर कप्प्यांची दारं उघडत-मिटत होती.

"आता खणातली बॅटरी," फौजदारबाई भावाकडे वळल्या. हे त्यांना नको होतं. "खणाच्या तळाशी रक्त आहे. बॅटरी जागेवर असती तर ते बॅटरीवर पडलं असतं. म्हणजे ती काढली तेव्हा वरच्या सीटवर ती नर्स अजून होती, आणि तिचं रक्त जात होतं. डॉक्टरांशी बोललेय मी. मांडीची शीर तुटली होती. थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती, म्हणाले. किल्ली दोघांकडे. मालक पुलावर गेले नाहीत. तू गेलास. हवालदार आला तेव्हा तू निघत होतास. खण चेपलेला, बॅटरी अडकलेली, पहार लावावी लागली. मग ती इथे आणलीस, धुतलीस आणि सरळ कपाटात घातलीस. तिथून ती एका रिक्षात जाऊन, उतरून परतही आली. डबे इतके, त्यात कोण शोधणार? फक्त जास्तच स्वच्छ धुतलीस. आता एकच सांग. आधी काय काढलंस? बॅटरी का माणसं?"

भाऊ भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

"मालकांचा फोन आला," तो म्हणाला. "म्हणाले, आधी बॅटरी ताब्यात घे. ती पोलिसांना सापडली तर स्टेशन बंद. स्टेशन बंद म्हणजे तुझी नोकरी गेली आणि तुझ्या बहिणीची रिक्षाही गेली. मला वाटलं, चटकन निघेल. मग ती अडकली. निघेचना."

"मी असं म्हणालोच नाही," मालक म्हणाला. "मी म्हणालो, आपल्या मालाची काळजी घे. कुठलाही मालक म्हणेल."

"सगळ्या बॅटऱ्या तपासेपर्यंत तरी स्टेशन बंद करा, साहेब," फौजदारबाई म्हणाल्या.

"उद्या सगळ्या रिक्षा बंद पडतील, बाई. पेट्रोलची एकही उरली नाही गावात. दवाखान्यात पेशंट जाणार कसे? मला अधिकारही नाही तो. वर विचारतो."

फौजदारबाईंनी भावाला ताब्यात घेतलं. मालकाचा जबाब घेतला, तो सहीसकट चोख होता. त्याला धरायला त्यांच्याकडे एका फोनवरच्या वाक्यापलीकडे काही नव्हतं, आणि तेही त्याने नाकारलेलं. हवालदार लख्ख डबा घेऊन आला. तशा म्हाताऱ्या बॅटऱ्या आणखी किती आहेत, हे सांगणारं यंत्र मात्र कुणाकडेच नव्हतं. बाहेर रांग पुढे सरकत होती.

दवाखान्यात रिक्षावाली छताकडे बघत पडली होती. सकाळच्या जबाबात तिने 'मला काही आठवत नाही' एवढंच सांगितलं होतं.

"तुमच्यावरचा चोरीचा आरोप खोटा ठरला," फौजदारबाई म्हणाल्या. "बॅटरी तुमच्या भावाने काढली होती."

तिने मान वळवली नाही. "त्याला धरलं?"

"हो. तुम्हाला ठाऊक होतं?"

छताकडेच बघत ती म्हणाली, "मी शुद्धीवर होते, मॅडम. हँडलखाली अडकले होते, पण सगळं दिसत होतं. मी ओरडत होते, अरे, आधी त्या बाईंना काढ. तो म्हणाला, ताई, एकच मिनिट."

"कोर्टात हे सांगाल?"

"नाही."

"मग मला का सांगितलंत?"

"कुणाला तरी सांगायलाच हवं होतं." आता तिने फौजदारबाईंकडे बघितलं. "त्या बाई तोवर बोलत होत्या, मॅडम. माझ्या पायाला काय बांधायचं, ते मला सांगत होत्या."