गैरहजर भाडेकरू

थोरलीला जुळं झालं आणि बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला, त्याच वर्षीची ही गोष्ट. बाबांचा हात गेला म्हणजे कुलपं-किल्ल्यांच्या दुकानाचाच हात गेला. मग धाकटी गल्ल्यावर बसू लागली. कानस चालवताना ती जिभेचं टोक दातांत धरायची, आणि कुणी बघितलं की पटकन आत घ्यायची.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी एक उंच माणूस समोर उभा राहिला. पाठीवर हिरवी पिशवी, केस बारीक कापलेले. त्याने एक किल्ली पुढे ठेवली.

"ही लागत नाही."

तिने किल्ली उजेडात धरली. "ठणठणीत आहे की. दार तुमचंच होतं ना?"

"आठ वर्षं तरी माझंच होतं."

"मग दार विसरलं असेल तुम्हाला."

"दारंही विसरतात?"

"माणसांपेक्षा जरा कमी…"

तो हसला, पण अर्धाच. "पाण्याच्या टाकीमागची इमारत. जिना चढून डावीकडे."

तिचा हात थांबला. ते कुलूप तिनेच बदललं होतं, तीन आठवड्यांपूर्वी. घरमालक शेजारी उभे होते. आत तिला एक घोंगडी दिसली होती, अशी चौकोनी घडी की पट्टी लावून घातलेली. खिडकीत चष्म्याची डबी. पसार झालेला माणूस चष्मा ठेवून जातो? हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, पण आलं नाही.

"मीच बदललं ते," ती म्हणाली. "मालक म्हणाले, भाडेकरू गैरहजर आहे."

इतका वेळ शांत असलेल्या त्या माणसाचे कान लाल झाले.

"काय आहे?"

"गैरहजर."

"आमच्याकडे ही शिवी आहे," तो हळू म्हणाला. "चौकी सोडून पळालेल्याला म्हणतात. मी सव्वा वर्ष बर्फात होतो. रोज पहाटे हजेरी दिली."

मग सगळं बाहेर आलं. तो फौजेत, घरी वडील एकटे. आबा जिन्यात पडले, मांडीचं हाड मोडलं, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. खोली रिकामी दिसताच मालकाने कुलूप घातलं. भाडं वेळेवर जात होतं, पण नवा भाडेकरू जास्त द्यायला तयार होता. आता डॉक्टर म्हणत होते, आबांना घरी न्या. कोणत्या घरी न्यायचं?

तिने हत्यारांची पिशवी उचलली. "चला. दोन मिनिटांत उघडते. फुकट."

"नको. मालकाने तक्रार केली तर घुसखोर ठरेन, वर्दी जाईल. कायदा आहे ना… कामगिरीवर असलेल्याचं घर त्याच्या माघारी काढून घेता येत नाही. अर्ज देतो."

"तुमचा फार विश्वास आहे कायद्यावर."

"त्याच्यासाठीच तर तिकडे उभा असतो."

भाडे कचेरीत ती साक्षीला गेली. मालक हात जोडून साहेबांना सांगत होते, "माणूसच नाही हो जागेवर. नोटीस कुणाला द्यायची?"

"बर्फात जाऊन यायचं होतं, काका," ती मागून म्हणाली. "कान गार पडले असते, एवढंच."

कारकून खोकल्याच्या आडून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढची तारीख दिली, डिसेंबरची. जवानाची रजा वीस दिवसांची.

त्या वीस दिवसांत आबांजवळून मोकळा झाला की तो दुकानात येऊन बसायचा. हात रिकामे राहवत नसत, म्हणून कोऱ्या किल्ल्या उंचीप्रमाणे रांगेत लावायचा.

"ही काय परेड आहे?"

"शिस्त."

"ती तिसरी वाकडी उभी आहे."

"ती तुमच्याकडे बघतेय…"

तिने कानस इतक्या जोरात ओढली की किल्ली वाया गेली. दुसरी घेतली — तीही गेली.

तो परत कामगिरीवर गेला. डिसेंबरच्या तारखेला कचेरीत ती एकटीच.

"अर्जदार?" कारकुनाने विचारलं.

"कामगिरीवर."

"म्हणजे गैरहजर." त्याने पेन टेकवलं.

"थांबा. तो शब्द लिहायचा नाही. 'कामगिरीवर हजर' असं लिहा."

"असं कुणी लिहीत नाही, बाई."

"मग आजपासून लिहा. मी हलणार नाही."

कारकुनाने खाडाखोड करून लिहिलं. "आणि तुम्ही कोण? त्यांच्या वतीने नात्यातल्याच माणसाला उभं राहता येतं. रकाना भरा."

ती रकान्याकडे बघत राहिली. मग जिभेचं टोक दातांत धरून तिने दोन शब्द लिहिले.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मी आज सरकारी कागदावर खोटं लिहिलं," ती म्हणाली.

"काय लिहिलंत?"

"नात्याच्या रकान्यात… होणारी पत्नी."

पलीकडे काहीच ऐकू येईना.

"लाइन गेली का?"

"नाही. मी सावधान उभा आहे."

"थट्टा नको. मला शिक्षा होईल."

"खोटं असेल तर होईल. खरं करायला मला… मार्चची तारीख द्याल?"

"तारीख म्हणू नका. सरळ या."

पण तारखा संपत नव्हत्या. एकदा मालकाच्या वकिलाला ताप. एकदा साहेब रजेवर, आणि साहेबांच्या रजेला कुणी गैरहजेरी म्हणत नव्हतं. एकदा फाइल वरच्या मजल्यावर गेली, ती खालीच येईना. कायदा पुस्तकात पडून, म्हातारा वॉर्डात पडून. ती रोज डबा घेऊन जायची. पेज भरवताना आबा विचारायचे, "सूनबाई, किल्ली मिळाली का गं?" ती म्हणायची, "मिळेल, आबा." आयुष्यभर लोकांना किल्ल्या करून देणारी मुलगी. तिच्याकडे रोज तेवढंच उत्तर.

नऊ फेब्रुवारीला निकाल लागला. कुलूप बेकायदा, खोली ताबडतोब परत द्या. मालकाला दंड नाही की साधी समज नाही. त्यांनी हसत किल्ली पुढे केली.

"गैरसमज झाला, दुसरं काही नाही."

"गैरसमजाला पाना-पेचकस लागत नाही, काका. कुलूप मीच बसवलंय. मला माहीत आहे."

मार्चमध्ये तो आला. नोंदणी कचेरीत सह्या झाल्या. बाबांनी थरथरत्या हाताने साक्षीदार म्हणून सही केली. दोघं त्याच खोलीत राहायला गेले.

आबा त्याआधीच गेले होते. एकोणीस जानेवारीला, सकाळी सहाच्या सुमारास, सरकारी दवाखान्याच्या चौथ्या वॉर्डात.