सातव्या खिडकीची सरासरी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो अर्धा घरात होता आणि अर्धा खिडकीबाहेर.

समोरच्या घरातलं काम आटोपून, खांद्यावर शिडी टाकून मी निघाले होते. पाऊस भुरभुरत होता. तेवढ्यात आवाज आला, "अहो शिडीवाल्या बाई! जरा इकडे बघता का?"

बघितलं. तळमजल्यावरची जुनी, वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी. तिची झडप धाडकन खाली आलेली आणि तिच्याखाली कमरेत अडकलेला एक तरुण. चष्म्यावर पाणी, केसांतून पाणी, पण चेहऱ्यावर आव असा की हे रोजचंच आहे.

"काय करताय?" मी विचारलं.

"वाट बघतोय."

"कुणाची?"

"आता वाटतंय… तुमचीच."

मेल्याची जीभ मात्र अडकली नव्हती! मी पटाशी घातली, खांदा लावला, तशी झडप कुरकुरत वर गेली आणि तो आत सरकला.

"ही खिडकी नाही, उंदराचा सापळा आहे," मी म्हणाले. "बदलून टाका. व्हायनलच्या बसवा, पक्क्या प्लॅस्टिकच्या. फुगणार नाहीत, कुजणार नाहीत आणि कुणाला कमरेत धरणार नाहीत."

"सात आहेत."

"मग सातही."

मागून त्याची आई आली. "चार वर्षं मी हेच सांगतेय! गार वारा कुठून येतो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. हा आपला तेल लावतोय खाचांना." तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि थेट विचारलं, "तू कधी येतेस?"

खिडक्यांचं दुकान माझ्या बाबांचं. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली पाचरी ठोकल्या, फोम भरला, सिलिकॉन मारलं. पण मापाचा टेप त्यांच्याच पट्ट्याला. माप म्हणजे बाबांचा देव्हारा, तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "या घराची मापं मी घेणार."

बाबांनी टेप काढून टेबलावर ठेवला. "सातही खिडक्या पहिल्या झटक्यात बसल्या, तर टेप तुझा. कायमचा. मी तुझा हमाल. एक जरी अडली, तर वर्षभर मापाचं नाव काढायचं नाही."

"मंजूर!"

माझ्या हातावर माझा भरवसा होता. अजूनही आहे. पुढे जे झालं त्यात हाताचा दोष नव्हताच.

जुन्या घरात एकही चौकट सरळ नसते. म्हणून रुंदी तीन जागी मोजायची, वर, मध्ये, खाली, आणि सगळ्यांत कमी भरेल ती धरायची. कारखाना तेवढीच खिडकी बनवून पाठवतो. मोठी झाली तर ती आत जात नाही आणि मापाने बनवलेली खिडकी परत कुणी घेत नाही. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. बाबांना मी येऊच दिलं नव्हतं, तेव्हा पैजेची गोष्ट ऐकून लिहायला तो खिडकीत अडकलेलाच वही घेऊन उभा राहिला. शाळेत गणित शिकवतो म्हणाला. मी लगेच त्याचं नाव मास्तर ठेवलं.

"पंचेचाळीस इंच पाच सूत," मी वरून ओरडले. एका इंचाची आठ सुतं, एवढं मास्तरला ठाऊक होतं. "मध्ये तीन. खाली चार. काय लिहिलंत?"

"पंचेचाळीस-तीन."

"हुशार आहात."

"शिकवणारी बरी मिळाली."

सहा खिडक्या अशाच झाल्या. प्रत्येकीला मी विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. सातवी स्वयंपाकघरातली, ओट्याच्या वर, उंच. मी शिडीवर चढले, तो शिडी धरून उभा.

"शिडीकडे बघा. माझ्याकडे नाही."

"शिडी काही बोलत नाही हो…"

माझे कान तापले. मी घाईघाईने सांगितलं, "सत्तेचाळीस-पाच… मध्ये तीन… खाली एक." आणि उतरले. त्याने वहीत काहीतरी खरडलं, नजर मात्र माझ्याकडेच.

"तुमच्या केसांत जाळं अडकलंय—" तो म्हणाला. "काढू?"

"काढा."

त्याने अगदी सावकाश काढलं. एवढंसं कोळ्याचं जाळं, पण त्याला किती वेळ लागावा! मग त्याने वही पुढे केली आणि मी सही केली. न वाचता मी कधी सही करत नाही. त्या दिवशी केली.

तीन आठवड्यांनी खिडक्या आल्या. बाबा हमाल. "हमालाला चहा मिळेल का?" असं दर खिडकीला विचारत होते. जुन्या झडपा निघाल्या, नव्या बसल्या. दुपारपर्यंत सहा झाल्या आणि टेप माझ्या कमरेला आताच लटकतोय असं मला वाटायला लागलं.

सातवी आत जाईना.

तिरकी करून पाहिली, खालून लावून पाहिली. वरून छान जात होती आणि खाली अडत होती. बाबांनी चौकट मोजली. खिडकी दोन सुतांनी मोठी होती. मी वही उघडली. सत्तेचाळीस-तीन.

"मास्तर! एक सूत सांगितलं होतं मी. हे तीन कुठून आले?"

त्याचा चेहरा उतरला. "सरासरी," तो पुटपुटला. "पाच, तीन, एक… भागिले तीन. सहा वेळा तुम्ही विचारलंत. सातव्या वेळी विचारलं नाहीत आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हाताने सवयीने काढून टाकली." मग तो बाबांकडे वळला. "चूक माझी आहे. त्यांचा टेप घेऊ नका."

"थांबा," मी म्हणाले. "आकडा यांचा असेल, पण सही माझी आहे. तपासायचं काम माझं होतं. घ्या बाबा."

बाबांनी टेप घेतला आणि पट्ट्याला अडकवला. रडू आलं मला, पण गिळलं. आम्ही त्या भोकाला प्लायवुड ठोकलं. स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागला.

निघताना त्याने हळूच विचारलं, "रागावलात?"

"हो."

"किती?"

"मोजायला टेप नाही माझ्याकडे."

पुढचे बारा दिवस शाळा सुटली की स्वारी दुकानात हजर. "खिडकी आली का?" बाबा मान वर न करता म्हणायचे, "ती कारखान्यातून यायचीय मास्तर, शाळेतून नाही." तरी तो बसायचा. माझ्या हाताखाली पाचरी कापायचा, वाकड्या. मी त्या फेकून द्यायचे आणि तो हसत पुन्हा कापायचा. आठव्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी आरशासमोर उभी असलेली मलाच सापडले. आवडायला लागला होता तो मला. लाजायचं काय त्यात?

खिडकी आली. तिचं माप मीच घेतलं होतं, बाबांच्या टेपने, बाबांच्या देखत. बाहेर पावसाची चांगली सर आली होती. बाबांनी आणि मी उचलली, टेकवली… आणि लोण्यात सुरी जावी तशी ती चौकटीत गेली. पाचरी, स्क्रू, फोम, सिलिकॉन. लेव्हलमधला बुडबुडा बरोबर मध्ये. पाऊस काचेवर आपटत होता आणि आत थेंब नव्हता. त्याच्या आईने काठावर हात फिरवला. "अगं बाई, वारा गेला कुठे?"

बाबांनी टेप काढला आणि माझ्या पट्ट्याला अडकवला.

"वर्ष कुठे झालं?" मी म्हटलं.

"अट माझी होती, मीच मोडतो. सही माझी म्हणालीस ना, तेव्हाच द्यायला हवा होता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तुझ्या आईच्या माहेरची खिडकी मीही चुकवली होती. तीनदा."

"तीनदा? बाबा, तुम्ही?"

"मुद्दाम," म्हणाले, आणि शिडी उचलून हमाल बाहेर पडला.

त्याच्या आईला अचानक आतल्या खोलीतलं काहीतरी आठवलं. उरलो दोघे.

"मास्तर," मी म्हणाले, "बारा दिवस खिडकीचीच चौकशी करायला येत होतात?"

"नाही."

"मग?"

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माप घेत होतो. शाळेत जाताना, वर्गात, घरी परतल्यावर… तीन जागी. तू मला किती आवडतेस त्याचं."

'तू' म्हणाला मला! मी ऐकलं आणि ऐकून घेतलं.

"आणि सरासरी काढली असशील."

"छे! शिकलोय आता. सगळ्यांत कमी भरलं तेच धरलं."

"किती भरलं?"

"जन्मभर."

माझं उत्तर कधीचं तयार होतं, पण मी माझ्या धंद्याची शिस्त एकदा मोडून पस्तावले होते.

"वहीत लिही," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. मी वही हातात घेतली, नव्या खिडकीच्या उजेडात धरली, अक्षर न् अक्षर दोनदा वाचलं… आणि मग सही केली.