पूनम सुधारतीय

लाइट यायला वेळ आहे, तोवर सांगतो. पण मधे कुणी उठायचं नाही. आणि माउली, हसायचं तर आत जाऊन हस.

ही माझ्या दोस्ताच्या, मानसिंगच्या घरातली गोष्ट. त्याच्या धाकट्या पोरीनं, ऋतुजानं, मला स्वतःच्या तोंडानं सांगितलेली.

तारीख अठरा एप्रिल, दोन हजार चोवीस. गुरुवार. रात्रीचे पावणेनऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायच्या टँकमधलं पाणी सोडून देणार होते, महिनाभर दुरुस्ती होती. म्हणून मानसिंगनं तिला पाठवलं. "लॉकरमधलं सामान घेऊन ये. अन् ताईचा गॉगल नीट आण."

ताईचा गॉगल. एवढं ऐकलं की ऋतुजाचं डोकं फिरायचं.

पूनम तिची थोरली बहीण. त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी डेंग्यूनं गेली, पाच दिवसांत. सतरा वर्षांची होती. पाण्यात पडली की मासळी नुसती. मामानं तिला पुण्याहून स्मार्ट गॉगल आणला होता. पोहताना काचेच्या कोपऱ्यात आकडे दिसायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत किती लेंथ झाल्या, किती सेकंद लागले. त्याच्या वर आजवरची सगळ्यात चांगली वेळ. नंतर हे सगळं मानसिंगच्या मोबाइलवर यायचं. पूनम गेली आणि गॉगल ऋतुजाकडे आला. पण मोबाइलवर नाव पूनमचंच राहिलं.

"आप्पा, आता माझं नाव टाका की," ती एकदा म्हणाली.

"राहू दे गं. नावानं काय बिघडतंय?"

बिघडत होतं. ऋतुजाला किती सेकंद लागले, हे घरात कुणी विचारायचं नाही. पूनमपेक्षा किती जास्त लागले, तेवढंच. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे तिलाही कळत होतं. पण जिवंत बहिणीशी भांडता तरी येतं. गेलेलीशी कसं भांडायचं?

शंभर मीटरला पूनमची वेळ होती एक मिनिट नऊ सेकंद. ऋतुजानं हाडाची काडं केली. एक बारा. एक अकरा. एक दहा. मार्चात एका संध्याकाळी तिनं एक नऊ गाठले. कोपऱ्यात वर पाहिलं, तर सगळ्यात चांगली वेळ होती एक आठ. वाचायला चुकलं असेल म्हणाली. पंधरा दिवसांनी तिनं एक आठ काढले.

वर एक सात.

त्या रात्री जेवताना मानसिंग मोबाइल बघत बसला होता. डोळे भरून आलेले.

"पूनम सुधारतीय बघ," तो म्हणाला.

खरं तर भ्यायला पाहिजे होतं ऋतुजानं. पण पोटात जे पेटलं, तो हेवाच होता.

तर, गुरुवारची रात्र. गेटवर बिरप्पा वॉचमन.

"लौकर आटप गं. नऊला दिवे घालवणार हाय म्या."

"आलेच की, काका."

तिनं लॉकर उघडला. सामान पिशवीत भरलं. गॉगल मात्र हातात ठेवला. महिनाभर पाणी मिळणार नव्हतं. दोन मिनिटांत कपडे बदलून ती काठावर उभी राहिली. टँकवर दुसरं कुणी नव्हतं. चार लेंथ, शंभर मीटर. बस्स.

उडी मारली.

पहिली लेंथ. दुसरी. अंग हलकं झालेलं, हात आपोआप पडत होते. तिसरी लेंथ संपत आली आणि कोपऱ्यातला लेंथचा आकडा बदलला.

तीन.

अजून भिंत यायची होती...

शेजारच्या लेनमध्ये बुडबुडे. एकामागं एक. तिच्या हातभर पुढं. बुडबुड्यांच्या खाली कुणी नाही. नुसती निळी फरशी.

दुसरी पोरगी बाहेर पडली असती. ऋतुजानं जोर लावला.

वळली. शेवटची लेंथ. बुडबुडे पुढंच. छाती फाटायला आली. भिंतीला हात लागला.

एक मिनिट सहा. वर... एक पाच.

तिनं तोंड बाहेर काढलं आणि ओरडली, "मेलीस तरी सोडत न्हाईस व्हय? आप्पा तुझे! घर तुझं! येवढं एक तरी मला दे की!"

आवाज पत्र्यावर घुमला. मग शांत.

शेजारच्या लेनमध्ये, भिंतीपाशी, पाणी हलत होतं. कुणी काठ धरून धापा टाकाव्यात, तसं. हळूहळू तेही थांबलं.

कोपऱ्यातला वरचा आकडा विझला. पुन्हा लागला.

एक सहा.

दिलं होतं...

ऋतुजा हसली. एक क्षणभर, पण हसली. आणि डोक्यामागचा पट्टा आवळायला लागला. सावकाश. कुणी मागं उभं राहून, नीट बसवून द्यावा तसा.

तिनं दोन्ही हातांनी गॉगल ओरबाडून काढला. फेकला. तशीच ओली पळत सुटली.

सकाळी पाणी सोडलं. टँक कोरडा झाला. बिरप्पानं कानाकोपरा शोधला. गॉगल नाही.

मानसिंग रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मग आता पूनम पोहणार कशी?"

दोन वर्षं झाली. त्यानंतर पोरीनं पाण्यात पाय घातलेला नाही. पण अजून सकाळी झोपेतून उठते, तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांभोवती लाल वळ असतात. गोल. ताजे. गॉगल घट्ट बसवल्यावर उठतात तसे. दुपारपर्यंत जातात.

केस मात्र कोरडे असतात.