दहाव्या खिडकीतला वाडगा

पटणार नाही, पण ही घडलेली गोष्ट आहे. अयोर्कोरवर ओढवलेली. अयोर्कोर माझी सख्खी मामेबहीण. गेल्या मे महिन्यातली दुपार, घाना देशातलं अक्रा शहर, विद्यापीठाचा अन्नतंत्रज्ञान विभाग. चक्क दिवसाढवळ्या.

आमच्या सुगीच्या सणाआधीचे दिवस होते. आम्हा गा जमातीच्या लोकांत तेव्हा ढोल वाजवायला बंदी. सगळं शहर दबक्या आवाजात.

अयोर्कोरचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे पाकिटातलं क्पोक्पोई. गरम पाणी ओता, खा. हे आमचं मक्याचं, सणाचं जेवण. आमच्या घरी पहिला घास जमिनीवर टाकतात, गेलेल्यांसाठी. मग जिवंत माणसं जेवतात.

"सण व्हायचाय अजून," माझी आई तिला म्हणाली होती. "आणि गेलेल्यांच्या आधी तू परक्यांना वाढणार? निदान पहिला घास तरी खाली टाक."

"आत्या, प्रयोगशाळेत अन्न सांडलं तर सर मलाच बाहेर सांडतील."

मार्गदर्शक डॉ. बॉचवे यांचा लौकिकच तसा होता. "चाखणारे दहा हवेत," त्यांनी बजावलं होतं. "नऊ आले, तर पुढच्या वर्षी भेटू."

चाखायच्या खोलीत ओळीने दहा कप्पे. प्रत्येकाला छोटी खिडकी. आत माणूस बसला की बटण दाबतो, वाढणाऱ्याच्या बाजूला दिवा लागतो. चेहरा कुणाचाच दिसत नाही.

नऊ दिवे लागले.

"दहावा वासावरच परत गेला असेल," सेलोर्म म्हणाला. तिचा वर्गमित्र, मदतीला आलेला. "मी बसू का?"

"तू मला रांधताना बघितलंयस. नाही चालत."

अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

आणि... दहावा दिवा लागला.

"सुटले बाई!" तिने वाफाळता वाडगा आत सरकवला. वर पामच्या फळांचा रस्सा, धुरी दिलेला मासा.

पलीकडून खोकला नाही. चमच्याचा आवाज नाही.

मग... वाडगा परत आला.

भरलेला. जसाच्या तसा. रस्सा मात्र गारढोण, वर साय धरलेली.

"न चाखताच परत? कोण हे साहेब, बघतोच." सेलोर्म तणतणत पलीकडे गेला.

पळत परत आला.

"तिथे... कुणी नाहीये."

दिवा चालूच होता.

तेवढ्यात बाकीच्या कप्प्यांतून कुरकुर सुरू झाली.

"अहो, मीठ विसरलात का?"

"याला तर वाससुद्धा नाही!"

अयोर्कोरने पातेल्यातलं चाखलं. मीठ नाही. मासा नाही. तोंडात नुसता ओला भुसा.

सकाळी तिनेच चव बघितली होती. तेव्हा चव होती.

तिला आत्याचं बोलणं आठवलं. तिने मूठभर क्पोक्पोई पांढऱ्या फरशीवर टाकलं. आजोबा-पणजोबांची नावं घेतली. "चुकले मी. घ्या."

"हे काय चाललंय?" दारात डॉ. बॉचवे. "पुसा ते आधी!"

ती वाकली. आणि...

फरशीवरचा ढीग सरकला.

कुणी पायाने ढकलावा तसा. तिच्याकडे.

ती मागे झाली. तो पुन्हा सरकला. पार तिच्या चपलेला येऊन टेकला.

डॉ. बॉचवेंनीही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विद्यार्थ्याला एकही प्रश्न विचारला नाही.

"दहा झाले," एवढंच म्हणाले. "पास." आणि निघाले ते जवळजवळ धावतच.

पदवी मिळाली.

ऑगस्टमध्ये सण आला. आईने अंगणात पहिला घास टाकला. दरवर्षी त्यावर कोंबड्यांची झुंबड उडते. त्यांना हाकलण्यातच आमची निम्मी भक्ती संपते.

या वेळी अयोर्कोर दाराशी उभी होती.

कोंबड्या आल्या... आणि लांबच थांबल्या.

तिन्हीसांजेपर्यंत तो घास तसाच पडून होता.

जेवायच्या वेळी आईने अयोर्कोरचं ताट आमच्यापासून दूर, अंगणातल्या त्या घासाशेजारी मांडलं. अयोर्कोरही निमूट तिकडे जाऊन बसली.

का, असं मी आईला अजून विचारलेलं नाही.